अडतीस वर्षं घडीत राहिलेला बडतर्फ

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. मला लाकडाचं अंग नाही की लोखंडाचं. कुणी लिहिलं की मी दिसतो, कुणी मोठ्यानं वाचलं की ऐकू येतो. माझं नाव बडतर्फ. एखाद्याला चाकरीवरून काढून टाकलं, की माझी गरज पडते.

माझे पूर्वज फारसी. त्यांच्या भाषेत माझा अर्थ एवढाच होता : बाजूला. मराठी मुलखात आलो तेव्हा कारकून मला बोरूनं लिहीत आणि वर वाळू भुरभुरून शाई वाळवीत. 'कामात कसूर केली सबब हवालदारास बडतर्फ केले,' अशा वाक्यांत मी असे. पुढे टंकयंत्रं आली. अंबरनाथला कारखाने उभे राहिले आणि मी त्यांच्या नोटिशींत जाऊन बसलो. सकाळच्या पाळीची माणसं फलकापुढे गर्दी करत. एखाद्याचं बोट ओळीवरून सरकत माझ्यापर्यंत येई आणि तिथंच थांबे. मागची सगळी माणसं गप्प होत. मला वाटायचं, काय माझी जरब! कारकूनही म्हणत, "'काढून टाकले'ला वजन नाही. बडतर्फच लिहा."

आता मला कोण विचारतं? हल्ली माणसांना मोबाइलवर दोन ओळींचा इंग्रजी निरोप येतो. मी उरलो शाळेच्या पुस्तकात, 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाखाली.

शब्दाचं एक बरं असतं, तो एकाच वेळी शंभर कागदांत राहू शकतो. पण माझा जीव अडकला होता तो एकाच कागदात. त्याची गोष्ट सांगतो.

धोंडिबा केरू साळवे हा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मागच्या फाटकावर पहारेकरी होता. सही करण्यापुरती अक्षरं त्याला येत, वाचता येत नसे. १९८६ सालच्या एका दुपारी कारकुनानं त्याच्या हाती कागद दिला आणि म्हणाला, "धोंडिबा, बडतर्फ केलंय तुला. इथं सही कर." धोंडिबानं सही केली. कारण विचारलं नाही, कारण ते आपल्याला कळलं असं त्याला वाटलं. त्याच आठवड्यात गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली होती. दोघातिघांना पोलिसांनी नेऊन आणलं होतं. आपलंही नाव त्यात घातलं, असं त्यानं धरलं.

कागद वाचून घ्यायचा तर कुणाला तरी दाखवायला हवा. ज्याला दाखवावा तो सगळ्या चाळीत सांगणार. म्हणून त्यानं माझी चार पदरी घडी घातली आणि बायकोच्या, रखमाच्या हाती दिली. सही-शिक्क्याचा कागद फेकायचा नसतो, म्हणून तिनं मला पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली ठेवलं.

त्यानंतर धोंडिबा कागद मागणाऱ्या एकाही नोकरीसाठी गेला नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यानं तीस वर्षं कपाटं उचलली. तिथल्या शेठनं त्याचे खांदे पाहिले, बाकी काही विचारलं नाही. त्याचा मुलगा मुकेश तेव्हा आठ वर्षांचा होता. चोरीच्याच आठवड्यात काम गेलं म्हणून लोकांनीही तेच धरलं; शाळेतली पोरं त्याला 'तारचोराचा' म्हणून हाक मारत. मुकेश मोठा झाला, नोकरीला लागला आणि आई-बाबांना घेऊन बदलापूरला बेलवलीत राहायला आला, जिथं तो जुना आळ कुणाला ठाऊक नव्हता. बापलेक पाण्याच्या वेळेबद्दल बोलत, क्रिकेटबद्दल बोलत. माझ्याबद्दल कधीच नाही.

आणि मी घडीत पडून होतो. माझ्या आधीच्या ओळी मला पाठ होत्या. पण शब्दाला स्वतःहून बोलता येत नाही, मित्रांनो. कुणीतरी वाचावं लागतं.

गेल्या रविवारी सकाळी मुकेशची मुलगी अस्मिता गृहपाठाला बसली. तिच्या नेत्रा मॅडमनी बजावलं होतं, पुस्तकातली वाक्यं उतरवू नका, घरी विचारून खरी वाक्यं आणा.

"पप्पा, बडतर्फ म्हणजे?"

मुकेशच्या हातातला चहा तसाच राहिला. "दुसरा शब्द घे ना. पाच दिलेत ना?"

"सगळे कंपल्सरी आहेत."

"मग लिही, राजाने प्रधानाला बडतर्फ केले. झालं."

"मॅडम म्हणतील, कुठल्या राजानं? बदलापूरच्या?"

पलंगावर बसलेला धोंडिबा हसला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता तो. तो म्हणाला, "मला केलं होतं."

"बाबा, राहू दे आता," मुकेश म्हणाला.

"किती राहू देऊ? पोरगी खरं वाक्य मागते. उद्या बाहेरून कळलं तर? रखमा, काढ तो कागद."

"अहो, पोरीच्या तोंडून ऐकणार का?" रखमा म्हणाली.

"तिच्याच. मला चोर म्हणायचं की काय, ते तिनं वाचूनच ठरवावं."

रखमानं पेटी उघडली. अडतीस वर्षांनी माझी घडी सुटली. घडीच्या रेघांवर कागद विरला होता. अस्मितानं तो मांडीवर ठेवला आणि एकेक शब्दावर बोट ठेवत वाचू लागली :

"श्री. धोंडिबा केरू साळवे, पहारेकरी, यांस. दिनांक अकरा रोजी वायुगळतीचे वेळी व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीविना मागील फाटक उघडून तुम्ही पॅकिंग खात्यातील तेवीस स्त्री कामगारांना बाहेर सोडले. सबब तुम्हांस सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे."

ती थांबली. "सबब म्हणजे?"

"म्हणून," मुकेश म्हणाला.

"पुढं वाच," धोंडिबा म्हणाला.

"पुढं सही आहे, आजोबा."

"आणि चोरीचं?"

"चोरी कुठाय यात?"

मुकेशनं कागद घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. उलटून पाठही पाहिली. "बाबा, गॅस सुटला होता? तू कुलूप उघडलंस?"

"सुटला होता. डोळे असे चुरचुरत होते. बाया आतून दार ठोकत होत्या, किल्ली माझ्या कमरेला. उघडलं. कुणीही उघडलं असतं. त्यासाठी कोण काढतं का कामावरून?"

"पण मला सांगितलं का नाहीस कधी? मला वाटायचं..." मुकेश म्हणाला.

"मलाही तेच वाटायचं रे," धोंडिबा म्हणाला. "चोरच लिहिलं असंल, असंच वाटायचं."

रखमानं डोळ्यांना पदर लावला आणि एकदम चिडून म्हणाली, "ती बारवी धरणाकडची बनूबाई दर उन्हाळ्यात करवंदं घेऊन येते, ती काय उगाच? त्या तेविसांतलीच ना ती? मी विचारते, तर म्हणते, दादांना माहीत आहे!"

मित्रांनो, दरबारी हुकूम आणि कारखान्यांचे फलक पाहिलेला मी शब्द. त्या सकाळी मी थक्क झालो. इतकी वर्षं मी स्वतःच्या जरबेवर खूश होतो, आणि माझ्याच आधीच्या ओळीतून तेवीस बायका खोकत, एकमेकींना ओढत, जिवंत बाहेर येत होत्या. एका माणसानं त्यांना बाहेर काढलं होतं, आणि आपण काही मोठं केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्यापुढे मी केवढासा!

अस्मितानं वहीत लिहिलं : 'वायुगळती झाली तेव्हा फाटक उघडून तेवीस बायकांचे प्राण वाचवले, म्हणून माझ्या आजोबांना बडतर्फ केले.'

धोंडिबानं ते तिच्याकडून वाचून घेतलं. "आजोबा तर सगळ्यांनाच असतात. नाव लिही."

तिनं 'माझ्या आजोबांना' खोडून वर पूर्ण नाव लिहिलं. मुकेशनं वही तिच्या हातून घेतली आणि ते वाक्य बापाला स्वतः वाचून दाखवलं, गॅलरीतल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. तुमच्याही घरी एखादा घडीचा कागद असेल, ज्याच्याबद्दल मोठी माणसं बोलत नाहीत. त्यांच्या शेजारी बसा आणि तो त्यांना हळू, नीट वाचून दाखवा. त्यात मी भेटलो तर दचकू नका आणि माझ्यापाशी थांबू नका. माझ्या आधीची ओळ वाचा.