बाळातल्या विटा

डोंगरावरून विजेची मोठी लाईन गेली होती. तिच्या टॉवरखालून रोज दोन-दोन माणसांच्या जोड्या चालायच्या. नट ढिले झालेत का, फांदी तारेला टेकायला आलीय का, घरटं कुठं बांधलंय, एवढं बघायचं आणि वहीत लिहायचं. त्यातली एक जोडी साडूंची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे डेपोत त्यांना नावानं कुणी हाक मारायचंच नाही. एक थोरले, एक धाकटे, झालं.

जोडीतला एकजण हत्यारं आणि पाणी घ्यायचा, दुसरा घ्यायचा बाळ. बाळ म्हणजे वर अडकून पडलात तर जीव वाचवायची पिशवी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण दिवसभर पाठीवर वागवायचं आणि उपयोग काडीचा नाही, म्हणून सगळे बाळच म्हणायचे. आत ब्लँकेट, अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी पन्नी, कोरडे कपडे, टॉर्च, शिट्टी, लायटर, मलमपट्टी, बिस्किटं. बाळ कायम थोरल्याकडे. "अनुभवी माणसाकडं राहू दे," तो म्हणायचा, "तू स्वतःच हरवशील."

पूर्वी स्टोअरकीपर रोज सकाळी एकेक पिशवी उघडून यादीशी ताडून बघायचा. मग त्याचे गुडघे गेले. चाळीस पिशव्यांपुढं उठाबशा कोण काढणार? त्यानं दाराला हुकाचा काटा टांगला. पिशवी अडकवा, चार किलो भरली की निघा.

अकरा वर्षांत थोरल्याला बाळ एकदाही उघडावं लागलं नाही. म्हणजे डोंगरावर. संध्याकाळी ते त्याच्याबरोबर घरी यायचं, तिथं मात्र उघडलं. पहिली गेली बिस्किटं, ती तर कुणीही खाल्ली असती. मग टॉर्च. विजेच्या माणसाच्या घरीच वीज जाते, हे सांगायचीही चोरी, त्यामुळे टॉर्च घरी राहिली ती राहिलीच. पन्नीचा मुलीच्या शाळेच्या नाटकात चंद्र झाला. कोरडे कपडे भिंती रंगवताना घातले. ब्लँकेट पाहुण्यांच्या अंथरुणात गेलं. दरवेळी तो म्हणायचा, उद्या परत ठेवतो. एका सकाळी काटा दोन किलोच्याही वर सरकेना. त्या दिवशी त्यानं गुडघ्यानं हळूच टेकू देऊन वेळ मारून नेली, आणि संध्याकाळी घराच्या मागं पडलेली वीट टॉवेलात गुंडाळून आत घातली. टॉवेल कशाला, तर पाठीला टोचू नये म्हणून. पुढं शिट्टी, लायटर, मलमपट्टीही घरात गेली आणि एकीच्या दोन झाल्या.

मग एका दुपारी वारं सुटलं, आणि वाऱ्यामागून बर्फासारखा गार पाऊस. परत फिरायच्या घाईत धाकट्याचा पाय ओढ्यातल्या दगडावरून निसटला. हाड मोडल्याचा आवाज थोरल्यानं वरून ऐकला. धाकटा छातीपर्यंत पाण्यात गेला. थोरल्यानं त्याला काखेत धरून ओढत टॉवरच्या पायाशी आणला. तोवर त्याचे दात कडाकडा वाजत होते.

"थोरले, ब्लँकेट काढा."

"काढतो रे."

"काढा की मग."

थोरल्यानं त्याच्याकडं पाठ केली, चेन उघडली आणि आत हात घातला. वेडा माणूस, आत काय आहे ते त्याला माहीत होतं, तरी हात कोपऱ्याकोपऱ्यात फिरवत राहिला. धाकटा कोपरावर उठला आणि त्यानं बघितलं.

"हे काय?"

"वीट."

"कशाला?"

"काट्याला."

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो थरथरत हसला. "इथं घर बांधायचा विचार आहे का?" म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

थोरल्यानं स्वतःचा शर्ट काढून त्याच्या पायांना गुंडाळला. तोही ओलाच. त्याच्या अंगावर वाऱ्याच्या बाजूनं आडवा पडला. फोनला रेंज नाही, शिट्टी नाही. मग हत्यारांतला मोठा पाना घेऊन टॉवरच्या लोखंडावर घण घातल्यासारखा हाणत राहिला. हाताला फोड आले. अडीच तासांनी पलीकडच्या जोडीच्या हाका ऐकू आल्या.

आणि हाका ऐकल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर दोन्ही विटा उचलून झुडपात भिरकावल्या. ओ त्यानं नंतर दिली. धाकट्याचे डोळे उघडे होते.

आलेल्या जोडीची त्यानं वर्षभर टिंगल केली होती, आईनं डबा भरून पाठवलेली पोरं म्हणून. त्यांच्या बाळात सगळं जागच्या जागी होतं.

धाकट्याच्या मोडलेल्या डाव्या पायाचं रक्त गारठ्यानं थांबलं होतं, त्याची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात थोरला रोज जायचा, पण दारातूनच बघून परत फिरायचा. आत माणसं असली की त्याला बरं वाटायचं.

धाकट्याला घरी आणल्यावर मात्र जाणं भाग होतं. मेहुणीनं चहा पुढं केला. "भाऊजी, तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

"मी काय केलं."

"हे सांगत होते मला. बाळातलं सगळं यांच्यावर घातलंत तुम्ही, आणि वाऱ्यानं उडवून नेलं. डॉक्टर म्हणाले, कोरडं राहिलं असतं तर बोटं वाचली असती. पण वाऱ्यापुढं कुणाचं चालतंय?"

बोटं गेलेला माणूस थोरल्यासाठी बायकोशी खोटं बोलला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"काही उडालं नाही," तो म्हणाला. "बाळात काही नव्हतंच. विटा होत्या."

"कसल्या विटा?"

त्यानं सांगितलं. पन्नी, टॉर्च, ब्लँकेट, काटा, झुडूप, सगळं. सांगताना तो फरशीकडं बघत होता.

आतल्या खोलीतून धाकट्यानं विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. थोरल्याच्या तोंडावर म्हणाली, आणि कप उचलून मोरीत गेली.

दार उघडंच होतं. निघून गेला असता तर कुणी अडवलं नसतं. थोरला उठला आणि आतल्या खोलीत गेला. धाकटा उशीला टेकून बसला होता.

"तिला सांगितलं मी."

धाकट्यानं डोळे मिटले. "कशाला? मी निभावून नेलं होतं. आता मीही खोटा ठरलो तिच्यापुढं."

हे थोरल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "उद्या डेपोतही सांगतो," तो म्हणाला. "काढतील मला."

"काढू द्या," धाकटा म्हणाला. "आणि नाही काढलं, तरी मला तुमच्याबरोबर चालायचं नाही. दुसरा जोडीदार मागून घेईन मी."

"बरं," थोरला म्हणाला.

कॉटच्या कडेला बसावं असं त्याला फार वाटत होतं. कुणी बस म्हटलं नाही. तो उभाच राहिला.