चौदा नंबरचं दार

सामना संपायला अकरा मिनिटं उरली असताना स्टेडियमची दारं तपासणाऱ्या मावशींना चौदा नंबर आठवला.

त्या स्टेडियमला बाहेर पडायची वीस दारं. सामन्याच्या दिवशी प्रत्येक दाराचा आडवा दांडा स्वतःच्या हाताने दाबायचा, दोन्ही फळ्या सताड उघडून बघायच्या, मगच तक्त्यावर सही करायची, हा मावशींचा नऊ वर्षांचा नेम. आज सकाळी चौदा नंबरपाशी त्यांचा दीर, तिथला रंगारी, ब्रश घेऊन आडवा उभा राहिला.

“वहिनी, हात लावू नका हो! रंग ओला आहे. पाच बोटं उमटली तर साहेब माझी चामडी सोलतील.”

“दाबून बघितल्याशिवाय सही कशी करू, भाऊजी?”

“दार आहे ते. पळून जातंय का कुठे?”

मावशींनी हसून सही केली. दुपारी येऊ म्हणाल्या आणि विसरल्या.

आता त्या दारासमोर उभ्या होत्या. दोन फळ्यांमधली फटच दिसेना. रंगाने ती लिंपून टाकली होती. त्यांनी दांडा दाबला. दांडा आत गेला, दार हललं नाही. खांदा लावला. नाहीच.

वरच्या गॅलरीत चार हजार माणसं. सगळी याच जिन्याने खाली येणार. पुढचे दाराशी अडकले, तरी मागच्यांना ते कळणार नव्हतं.

हातात वॉकीटॉकी होता. त्यावर बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. एकदा वाटलं, भाऊजींना हळूच बोलवावं. मग त्यांनी बटण दाबलं.

“साहेब, चौदा नंबर उघडत नाही. रंगाने चिकटलंय. मी सकाळी न तपासता सही केली.”



“मावशी, तुम्ही?” साहेब म्हणाले. मग लगेच, “वरची माणसं तेराकडे वळवा. रंगाऱ्याला पाठवा, पळत!”

दीर रंग खरवडायची पत्ती घेऊन धावत आला. वरपासून फट कापत सुटला. तोंड चालूच. “रंगाचे दोन हात पुरे म्हणत होतो, तर साहेबांना तीन हवे!”

“बोलू नका, कापा.”

शिट्टी वाजली. वर गडगडाट झाला. तेराकडे वळवूनही पावलं जिन्यावर आलीच.

“खालचा कोपरा राहिलाय, वहिनी!”

“राहू दे. खांदा लावा. एक, दोन...”

कापड फाटावं तसा आवाज झाला आणि दोघं दारासकट उजेडात फेकली गेली. मागून लोंढा आला, गाणी म्हणत, ढकलत, कुणालाही काहीही न कळता.

“अहो, शर्टाला रंग लागला ना!” एकजण ओरडला.

गर्दी ओसरल्यावर मावशी तक्त्यापाशी गेल्या. चौदासमोरची सही त्यांनी खोडली.

“अहो, उघडलं ना शेवटी?” दीर म्हणाला. “मग खोडता कशाला? साहेब आत्ता येतील, हेच बघतील.”

“उघडलं ते आत्ता, भाऊजी,” मावशी हळूच म्हणाल्या. “सही सकाळची आहे.”