धुरातून बोलणारं इंजिन

“मेलेल्या माणसांना ठसका लागतो का हो?”

प्रश्न भिंगरीचा होता, पण पैज मैत्रिणींची. “एवढी शहाणी आहेस ना, मग भर सभेत विचारून दाखव,” असं त्या दोघी मधल्या सुट्टीत म्हणाल्या होत्या, आणि आता मागच्या रांगेत एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत हसू दाबत होत्या. भिंगरी पंधरा वर्षांची. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी द्यायलाही तिचा आवाज फुटत नसे. यंदा वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं आणि बांध फुटला. आता तिला थांबवायचं तर धरणच बांधावं लागलं असतं.

गुरुवारच्या सभेला फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल माणसांनी खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांत, जिन्यात, एकमेकांच्या पायांवर उभे राहिले. सगळ्यांचे डोळे मधल्या लाकडी टेबलावर. टेबलावर ना रूळ, ना वायर. खेळण्यातलं एक जुनं इंजिन तेवढं होतं. वीतभर लांब, काळं कुळकुळीत, मागं कोळशाचा डबा जोडलेला. आणि त्याच्यामागे खुर्चीत रेलून बसलेला निरोप्या.

त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवतो म्हणून निरोप्या. तोंडावर मात्र सगळे ‘दादा’ म्हणत.

“पलीकडे जाणारी गाडी एकच, मायबाप!” तो सुरुवातीलाच गरजला होता. “चढताना तिकीट लागत नाही, उतरायला स्टेशन मिळत नाही. परत येतो तो फक्त धूर! धूर आला की ‘हो’. नाही आला की ‘नाही’. मी कोण? मी नुसता सिग्नल!”

मग त्यानं इंजिन पांढऱ्या रुमालावर उलटं धरून झटकलं. एक थेंब पडला नाही. “तेल नाही, पाणी नाही, कोळसा नाही!” असं म्हणून त्यानं अंगठीचा हात कोळशाच्या डब्यावर ठेवला, डोळे मिटले आणि सूर लावला, “येताहेत… येताहेत… वाट लांबची आहे हो…” आणि खरंच, थोड्या वेळानं धुराड्यातून पांढऱ्या धुराची वेटोळी वर चढली. हॉलभर माणसांनी तोंडात बोटं घातली. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी तर धुराला हात हलवून ‘ये, ये’ केलं.

अशा सगळ्या भारलेल्या शांततेत भिंगरीनं ठसक्याचं काढलं होतं.

निरोप्या मुरलेला होता. तो रागावला नाही. “पोरी, तुझ्या घरचं कोण गेलंय?” त्यानं गोड आवाजात विचारलं.

भिंगरीच्या शेजारी तिची काकू बसली होती. पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. ते काका गेल्या वर्षी गेले. जन्मभर त्यांनी खेळण्यातली जुनी इंजिनं जमवली, त्यामुळे या हॉलबद्दल ऐकल्याबरोबर काकू म्हणाली होती, “ते आणखी कशातून बोलणार? यातूनच बोलणार.” तेव्हापासून ती एकही सभा चुकवत नसे.

“हिचे काका गेलेत,” काकू पुटपुटली.

“मग त्यांनाच विचारू. या पोरीच्या थट्टेनं तुम्हाला दुःख झालं का? येताहेत… येताहेत…”

भसकन धूर आला. काकू उठली आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. “माझ्याजवळ येऊ नकोस,” ती एवढंच म्हणाली. मागचं खुसखुसणं बंद पडलं. पैज जिंकूनही भिंगरीचं नाक कापलं गेलं होतं.

तेवढ्यात काकूची पाळी आली. नवऱ्याला हाक मारावी तशी ती इंजिनाला म्हणाली, “अहो, डॉक्टर म्हणतात, सोमवारी छातीतली गाठ काढू. उशीर नको म्हणतात. काढू का?”

निरोप्याचा अंगठीचा हात मांडीवर होता. धुराडं गप्प राहिलं.

“नको म्हणताहेत, ताई. सुरी शिरते तिथून काळ शिरतो, म्हणताहेत. त्यापेक्षा दर सभेला या धुराचा शेक घ्या, म्हणताहेत.”

न आलेल्या धुरातून या माणसाला एवढं भाषण कसं वाचता आलं, हे भिंगरीला कळेना. पण काकू हसली. ओझं उतरल्यासारखी हसली. घरात सगळ्यांनी महिनाभर विनवण्या करून तिला या ऑपरेशनला तयार केलं होतं.

पुढच्या प्रश्नाला धूर आला तो पिवळसर, कडवट. ठसका मेलेल्यांना नाही, भिंगरीलाच लागला. आणि खोकता खोकता ती सावध झाली. हा वास तिच्या ओळखीचा होता! घरच्या मागच्या खोलीत, पप्पांच्या टेबलाशी, असाच वास यायचा, आणि पप्पा ओरडायचे, “अगं बंद कर, कोरडं जळतंय!” तेवढ्यात निरोप्यानं हात उचलला. लोकांच्या पाळीच्या चिठ्ठ्यांना लावलेल्या टाचण्या टेबलावर पडल्या होत्या. त्यातली एक त्याच्या अंगठीला चिकटून लोंबत होती.

पप्पांचा धंदाच जुन्या खेळण्यातल्या गाड्या दुरुस्त करण्याचा. हौशी लोक लांबून इंजिनं घेऊन येत, आणि त्यांची पहिली तक्रार ठरलेली: धूर येत नाही. धुराड्याखाली बोटभर टाकी असते. तिच्यात न जळणाऱ्या तंतूंचा बोळा, बोळ्याला गुंडाळलेली बारीक तार. बोळ्यावर धुराचं तेल सोडायचं, तारेत वीज गेली की ती तापते, तेलाचा धूर होतो. तेल संपलं की बोळा करपतो आणि घरभर घाण वास. भिंगरी हे सगळं पाढ्यांच्या आधी शिकली होती.

“पप्पा,” त्या रात्री जेवणाआधी तिनं विचारलं, “इंजिनाला काही न जोडता, बटण न दाबता धूर सुरू करता येतो?”

पप्पा डोळ्याला भिंग लावून, डाव्या हातात चिमटा धरून बसले होते. चिमटा थांबला.

“छे. कसा येईल?” ते म्हणाले. “जा, अभ्यास कर.”

पप्पांनी जन्मात कधी अभ्यासाचं नाव काढलं नव्हतं. शंका तिथंच यायला हवी होती. पण भिंगरी वाऱ्यावर स्वार होती. पप्पांची पाठ फिरताच तिनं खण उपसले. तळाच्या डबीत काचेच्या बारीक नळ्या सापडल्या, आत पत्र्याच्या दोन पट्ट्या, एकमेकींना न टेकलेल्या. तिनं मोडक्या स्पीकरचं चुंबक जवळ नेलं. टिक्! पट्ट्या चिकटल्या. चुंबक लांब नेलं. टिक्! सुटल्या.

भिंगरी खोलीभर नाचली.

रविवारच्या सभेला ती पहिल्या रांगेत होती. पेन्सिलींच्या कापडी पिशवीत चुंबक, खिशात पेचकस.

“दादा, मला काकांची माफी मागायचीय,” ती मान खाली घालून म्हणाली. काकूनं डोळ्याला पदर लावला. निरोप्या विरघळला.

“ये, पोरी, ये. पश्चात्तापाला उशीर नसतो.”

भिंगरीनं पिशवी अगदी डब्याला खेटून ठेवली. “पण दादा, तुम्ही हात मागे बांधा ना. म्हणजे काका थेट माझ्याशीच बोलतील.”

“बांधा, दादा, बांधा!” लोक ओरडले. निरोप्यानं हसत हात मागे बांधले. धूर आला नाही तर ‘काकांनी माफ केलं नाही’ म्हणायला तो मोकळाच होता.

भिंगरीनं डोळे मिटले आणि थेट त्याच्याच आवाजात सूर लावला, “येताहेत… येताहेत… वाट लांबची आहे हो…”

धुराड्यातून धूर निघाला. निरोप्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“काका, हा माणूस लबाड आहे का?”

धूर.

“याला पोलिसांत द्यावं का?”

धूर.

“याच्या डोक्यावरचे केस खोटे आहेत का?”

हा प्रश्न तिनं हवेत सोडला होता, पण निरोप्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. हॉल फुटला. लोक मांड्यांवर थापा मारून हसले. ज्यांनी गुरुवारी त्याचे पाय धरले होते, तेच आता “टोप काढ, टोप काढ” करू लागले. भिंगरीला एवढी मोठी टाळी वक्तृत्वातही मिळाली नव्हती.

तिनं पिशवीतून चुंबक काढून उंच धरलं, मग पेचकसानं इंजिन भराभर उघडलं. “हे बघा, डब्यात बॅटरी. ही नळी म्हणजे चुंबकावर चालणारा स्विच. दादांच्या अंगठीत चुंबक आहे! उलटं धरलं तरी तेल का सांडत नाही? बोळ्यात मुरलंय म्हणून. आणि आत्म्यांना यायला वेळ का लागतो? तार तापायला वेळ लागतो म्हणून!”

पुन्हा हशा. त्या हशातच दुसऱ्या रांगेतले आजोबा उभे राहिले.

“मग माझी नात?” ते म्हणाले. “गुरुवारी ‘हो’ म्हणाली ती. मी विचारलं, दुखत नाही ना गं आता? तर ‘हो’ म्हणाली.”

“ती बॅटरी होती, आजोबा!” भिंगरी म्हणाली.

कुणी हसलं नाही. आजोबा कुणीतरी खांदे दाबल्यासारखे खाली बसले. आधीच्या विनोदाचं हसू भिंगरीच्या तोंडावर अजून तसंच होतं. ते तिला वेळेत पुसता आलं नाही. एक बाई टेबलाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “जोड ना गं ते परत. एकदाच.” तेवढ्या गडबडीत निरोप्या जिन्यानं पसार झाला, आणि त्याला धरायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भिंगरीनं टाकीतला बोळा बाहेर काढला. त्यावरची तार बघितली आणि बोळा डोळ्यांजवळ नेला.

वेढे उलटे होते. सगळे जण तार उजवीकडे गुंडाळतात. उलटी गुंडाळणारा एकच डावरा कारागीर तिला माहीत होता.

तिनं मूठ मिटली, पण काकू तोवर जवळ आली होती. काकूनं तिची बोटं एकेक करून उघडली.

“तुझे काका चिडवायचे भावाला,” काकू शांतपणे म्हणाली. “म्हणायचे, याचे वेढे मी आंधळा झालो तरी ओळखेन.” मग तिनं वर बघितलं. “तुमच्या घरात माहीत होतं?”

“काकू, मला खरंच… काकू, उद्याच्या ऑपरेशनचं…”

“आता कुणाला विचारू?” काकू म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घरी भिंगरीनं उघडं इंजिन जेवणाच्या टेबलावर आपटलं. दुसऱ्यांचं पितळ उघडं पाडायला निघालेल्या पोरीच्या हाती घरचंच भांडं लागलं होतं.

“गिऱ्हाईक म्हणून आला होता,” पप्पा इंजिनाकडे न बघता म्हणाले. “हात न लावता धूर हवा म्हणाला. हौशी माणसं मागतात असलं काहीबाही.”

“आणि कळलं कधी?”

“वहिनीनं सांगितलं तेव्हा. भिंगरी, ती अन्नाला शिवत नव्हती गं. पहिल्यांदा धूर आला, त्या दिवशी जेवली. माझ्या तोंडून शब्द निघेना.”

“आणि गुरुवारी धूर आला नाही, तेव्हा?”

पप्पांनी भिंग काढून पुसलं, परत लावलं, परत काढलं. आई मध्ये पडली.

“आणि तू मोठी आलीस न्यायाधीश! चुंबक तुझ्याकडे होतं ना? मग ‘ऑपरेशन करा’ एवढं वदवून घ्यायचंस आणि गुपचूप घरी यायचंस. उद्या निमूट गेली असती ती. भर सभेत तिची कातडी सोलायची काय गरज होती?”

हे भिंगरीला सुचलंच नव्हतं. टाळीच्या नादात सुचलं नव्हतं. ती वेढ्यांकडे बघत राहिली.

“आजोबांशी मी दुष्टासारखी वागले,” ती शेवटी म्हणाली. “तेवढं खरं. पण आई, ऑपरेशननंतर औषधं आहेत, तपासण्या आहेत, कितीतरी महिने. प्रत्येक वेळी काकू धुराला विचारणार. रविवारी मी ‘हो’ काढायचा, गुरुवारी त्यानं ‘नाही’ काढायचं. म्हणजे चुंबक ज्याच्या मुठीत, काकूचा जीव त्याच्या मुठीत. मी मूठ बदलली असती, एवढंच. डॉक्टरांना ती विचारू शकते, का? कशावरून? दाखवा. त्यांचं नाही पटलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ शकते. धुराला ‘कशावरून’ विचारता येत नाही. ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याचं उत्तर घ्यायचंच नाही. मग तो धूर असो, निरोप्या असो, नाहीतर मी.”

“किंवा मी,” पप्पा हळूच म्हणाले.

“हो. किंवा तुम्ही.” भिंगरीनं बोळा उचलून पप्पांच्या डाव्या हातात ठेवला. “उद्या मी शाळेत जाणार नाही. उजाडल्यावर काकूच्या दारात जाऊन बसणार. दार उघडलं नाही तर जिन्यात बसणार. ती डॉक्टरांना विचारेल ते सगळं तिच्या शेजारी बसून ऐकणार. आणि तिनं परत विचारलं ना, ‘तुमच्या घरात माहीत होतं का?’ तर ‘हो’ म्हणणार. तोंडानं. पण पप्पा, ते ‘हो’ तुमचं आहे. मी निघेन तेव्हा चपला घालून दारात उभे असा.”