तीन हाका

मंगळवारी दुपारी मनवाने आईला तीन हाका मारल्या, आणि तिसरीही वाया गेल्यावर स्वयंपाकघरातून दुसरी आई आली.

पहिली आई, म्हणजे हेमांगी, हॉलमध्येच सहा फुटांवर कामाच्या टेबलाशी बसली होती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, डोळ्याला भिंग. नखाएवढी चिप बोर्डावर बसत होती, आणि अशा वेळी हात हलला की तीन दिवसांचं काम पाण्यात. देते ओ, थांब जरा, असं ती मनात म्हणाली. तेवढ्यात कुठेतरी टक् झालं. तोच हळदीचा डाग पडलेला गाऊन घातलेली, तिच्याच चेहऱ्याची बाई हात पुसत बाहेर आली.

"काय गं बाळा?" बाई म्हणाली.

मनवाने तिला निबंधाची वही दाखवली. सात वर्षांच्या पोरीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हेमांगीने मात्र डोळ्यावरचं भिंग वर सारलं, कारण तो टक् तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

हेमांगी वायंगणकर नाशकात घरी बसून द्राक्षबागांतल्या हवामान-पेट्यांचे बोर्ड बनवायची. पेटीने ऊन-वारा मोजायचा आणि मोबाईलसारखं सिम वापरून बागायतदाराला कळवायचं. बागेत रेंजचा काय भरवसा? म्हणून एका बोर्डावर दोन सिम. पहिल्यावर तीन हाका मारायच्या, ओ आली नाही तर टक् करून दुसऱ्यावर जायचं. नियम तिनेच लिहिलेला. तीनच का, तर मालवणात तिची आई बजावायची, तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नकोस गो, वाईट असतं ते दोनदाच हाक मारतं. हेमांगीने ते जन्मभर पाळलं. पोटच्या पोरीलासुद्धा ती तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची.

त्या नियमात एक चूक राहून गेली होती. दुसऱ्यावर गेलेल्याने परत पहिल्यावर कधी यायचं, हे लिहायलाच ती विसरली. गेल्या महिन्यात चाळीस पेट्या परत आल्या. सगळ्या दुसऱ्या सिमवर अडकलेल्या, आणि पहिलं सिम भर रेंजमध्ये नुसतं बसून. ज्यांच्यासाठी ती काम करायची ते शिंत्रे साहेब चिडले नाहीत, हेच नवल.

"आता तिसरं सिम टाका," ते म्हणाले. "बोर्डावरच सोल्डर करा. कुणाला काढता येणार नाही असं."

"कुणाच्या नावावर आहे ते?"

"नाव अजून पडलेलं नाही. हाक आली की त्याचं ते घेईल."

मंगळवारी ती बसवत होती ती हीच चिप.

"मनवा, अगं, मी इथे आहे," हेमांगी म्हणाली. फ्रिज घरघरला की आपण बघतो तसं मनवाने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वहीत मान घातली. नवऱ्याचा बोटीवरून फोन आला, तो दुसरीशीच हसून बोलला. शेजारच्या चांदोरकर काकू विरजण मागायला आल्या, त्यांनीही दुसरीलाच विचारलं, "बरी आहेस ना गं?"

दुसरी वाईट असती तर एक वेळ परवडलं असतं. ती मनवाच्या वेण्या घट्ट घालायची, पोळीचा पहिला घास भरवायची, आणि हाक आली रे आली की ओ द्यायची. एका दिवसातच मनवा एकाच हाकेवर थांबायला शिकली. आपलाच चेहरा सारखा समोर बघणं हेमांगीला सोसवेना. तिसरी चिप बसलेला बोर्ड टेबलावर तसाच चालू सोडून ती आतल्या खोलीत राहायला गेली. त्याचा हिरवा दिवा दारातून दिसायचा.

बुधवारी ती खोली अरुंद झाली. गुरुवारी छत पंख्याच्या पात्यांना टेकलं. शुक्रवारी खोलीचा एक कोपरा तिरपा कापलेला होता. सिमचा तसाच कापलेला कोपरा हेमांगीने हजार वेळा चिमट्यात धरून खाचेत सरकवला होता. शनिवारी तिचे दोन्ही खांदे भिंतींना टेकले.

रविवारी दुपारी दुसरी वाळलेले कपडे ठेवायला आली आणि तिरकी होऊन, हेमांगीला घासून कशीबशी तिच्या पलीकडे शिरली.

"मला माझी पोर परत दे," हेमांगी म्हणाली.

"घे की. मी कुठे धरून ठेवलीय? यायची वाट तूच लिहिली नाहीस."

"तू तीनदा गप्प बस. फक्त तीनदा. मग तिला माझ्याशिवाय जायला जागाच नाही."

"मला नाही जमायचं बाई. पोरीने हाक मारल्यावर गप्प कसं बसायचं?"

बाथरूममधून आवाज आला. "आई, टॉवेल!"

हेमांगीने दुसरीच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली स्वतःचेच ओठ 'ओ' म्हणायला धडपडताना तिला लागले. तिला भयंकर लाज वाटली, पण हात तिने काढला नाही.

"आई!"

आता मनवाचा आवाज जरा कापरा होता. असा आवाज काढणं पोर सहा दिवसांत विसरली होती. हेमांगीच्या डोळ्यांना धारा लागल्या. एकच राहिली, ती म्हणाली, एकच गं. दुसरीने धडपड थांबवली होती. ती हेमांगीच्या खांद्यावरून दाराबाहेर, टेबलाकडे बघत होती, आणि तिचे डोळे मोठे होत चालले होते.

"आई, ये ना गं!"

टक्.

हेमांगीने हात काढला, छातीभर श्वास घेतला आणि ओ दिली. आवाज फुटला नाही. तिने दुसरीकडे बघितलं. दुसरीही तोंड उघडून तशीच उभी होती. तिचाही आवाज फुटत नव्हता.

"ओ, आले हं," हॉलमधून कुणीतरी म्हणालं.

टेबलाजवळची खुर्ची मागे सरकली. कोरडी, अनवाणी पावलं टाईलवरून सावकाश बाथरूमकडे गेली. दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून त्या खाचेत अडकून राहिल्या, आणि तिकडे मनवाने आतून कडी काढली.