न मागितलेला कौल

"कोण बोलणार?" पंचाने विचारलं. तो डच होता, त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. पण त्याच्या अंगठ्यावर नाणं होतं, त्यामुळे प्रश्न समजायला भाषेची गरज नव्हती. आणि तो बघत होता इद्वाल पॅरीकडे.

इद्वालच्या पायांत गोळे आले होते. गुडघ्यापासून खाली नुसता चिखल. एकशे वीस मिनिटं खेळून एक-एक. त्याआधी वेल्समध्ये, आपल्या नांत्वेनच्या मैदानावर दोन-एकने जिंकले होते, पोर्तुगालात जाऊन एक-शून्यने हरले होते. म्हणून हा तिसरा सामना, इंग्लंडात, ना त्यांच्या ना आपल्या मैदानावर. त्यातही फैसला झाला नाही, म्हणून आता नाणेफेक. १९६३ साली नियमच तसा होता. युरोपभरच्या फुटबॉल करंडकविजेत्यांची ती स्पर्धा, हरला तो घरी गेला. वेल्श कप चुकून म्हणा, देवकृपेने म्हणा, त्या वर्षी नांत्वेनने जिंकला, आणि दगडखाणीत छपरांच्या पाट्या फोडणारी माणसं रजा काढून विमानात बसली.

इद्वाल बारा वर्षं कप्तान होता. आणि बारा वर्षांत नाणेफेकीला त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्याचे वडील चॅपेलचे, म्हणजे गावच्या प्रार्थनामंदिराचे, कारभारी. नाणं उडवून कौल मागणं म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे पाप, हे त्यांनी पोराला चालता यायच्या आधी शिकवलं असावं. दर शनिवारी इद्वाल समोरच्या कप्तानाला म्हणायचा, "तुम्ही बोला." त्याने फारसं बिघडायचं नाही. फार तर पहिला अर्धा वेळ वारा तोंडावर घेऊन खेळावं लागायचं. संघातली पोरं कुरकुरायची आणि सोडून द्यायची.

"इद्वाल, आज तरी बोल की लेका! एवढं एकदाच!"

मागून ओरडला तो टेक्विन, गोलकीपर. इद्वालच्या बायकोचा, नेस्ताचा भाऊ. सदतिसाव्या वर्षीच त्याची छाती खाणीच्या धुळीने भरली होती. "गोलकीपरला पळावं लागत नाही म्हणून टिकलोय," असं तो स्वतःच हसून सांगायचा. पण आज त्याच्या आवाजात हसू नव्हतं, आणि त्याचं कारण संघातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या फेरीची जोडी आधीच ठरली होती. जिंकणारा इटलीला जाणार होता. आणि टेक्विनचा नि नेस्ताचा थोरला भाऊ हॉवेल चव्वेचाळीस सालापासून इटलीतच होता, सैनिकांच्या दफनभूमीत, रांगेतल्या कुठल्याशा दगडाखाली. घरातल्या कुणीही तो दगड पाहिला नव्हता. आई मरताना म्हणाली होती, "एकदा कुणीतरी बघून या रे." खाणीतल्या माणसाला इटली म्हणजे चंद्र. चंद्रावर जायची शिडी आज अवघ्या एका शब्दावर येऊन ठेपली होती.

इद्वालने वर पाहिलं. चॅपेलच्या मंडळींनी बस केली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे वडील सामन्याला आले होते. काळी टोपी, काळा कोट, दोन्ही हात काठीवर. ते त्याच्याकडेच बघत होते.

त्याच क्षणी इद्वालच्या मनात शब्द उमटला. त्याने मागितला नव्हता, तो आपणहून आला, अगदी स्वच्छ. छापा.

"तुम्ही बोला," इद्वाल पोर्तुगीज कप्तानाला म्हणाला.

त्या बिचाऱ्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने गळ्यातला क्रूस ओठांना लावला आणि नाण्यावरच्या चेहऱ्यावर, म्हणजे छाप्यावरच, बोट ठेवलं. नाणं वर गेलं, चिखलात पडलं, आणि पंच वाकायच्या आत इद्वालला दिसलं. छापा होता.

परतीच्या बसने वेल्सची सीमा ओलांडली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "तुम्ही बोला," आणि दोघं-तिघं हसले. तसल्या हसण्यापेक्षा शिव्या बऱ्या. आमच्याकडे एकेका नावाआडनावाची दहा-दहा माणसं, त्यामुळे टोपणनावाशिवाय कुणाची ओळख पटत नाही. कोळसा विकणारा तो कोळसा, एकच दात उरलेला तो एकदाती. इद्वाल उतरला तो इद्वाल तुम्ही-बोला होऊनच. टेक्विन मात्र हसला नव्हता. तो खिडकीला डोकं टेकून बसला होता, आणि उतरताना त्याने इद्वालच्या खांद्यावर थाप मारली. ती थाप इद्वालला फार लागली.

रविवारी चॅपेलमध्ये वडील प्रार्थनेला उभे राहिले. म्हणाले, "प्रभू, माझ्या मुलाने साऱ्या जगासमोर मोहाकडे पाठ फिरवली, तुझे उपकार." बायकांनी डोळे टिपले. इद्वाल मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, किती हा विनय! ती शरम होती. मोह त्याला झाला होता, पाप मनात पुरतं करून झालं होतं, फक्त त्याचं फळ तेवढं दुसऱ्याला देऊन तो मोकळा झाला होता.

डिसेंबरात टेक्विनने खाण सोडली. फेब्रुवारीत त्याचा पलंग माडीवरून खाली बैठकीत आणला. आमच्याकडे पलंग खाली आला की शेजारीपाजारी दारावरून जाताना आवाज कमी करतात. नेस्ता रोज त्याच्यासाठी मटणाचा रस्सा घेऊन जायची; शनिवारी इद्वालही बरोबर जायचा. खेळणं त्याने नाताळातच सोडलं होतं. गुडघा दुखतो म्हणाला.

अशाच एका शनिवारी नेस्ता आत रस्सा गरम करत होती. टेक्विन उशांना टेकून बसला होता, ओठ निळसर.

"इटलीत आपल्या पोर्तुगीजांना पाच बसले म्हणे," तो म्हणाला. "मी असतो तर आठ बसले असते."

"तू दोन अडवले असतेस."

"खोटं बोलू नकोस, पाप लागेल." तो हसला, खोकला, पुन्हा टेकला. "इद्वाल, एक सांगू? तुला वाटत असेल मी मनात धरून बसलोय. नाही रे. देवाचं म्हटल्यावर माणूस काय करणार? चार दिवस रागावलो, मग सोडून दिलं. आणि आपली नेस्ता तर दुकानात उभी राहून सगळ्या बायकांशी भांडते तुझ्यासाठी. माहितीये ना तुला?"

इद्वालला माहीत नव्हतं. घरी ती त्या विषयावर चकार शब्द काढत नसे. चार महिने तो शिव्या झेलत आला होता, टोमणे झेलत आला होता. ही माफी मात्र त्याला झेलवेना.

"देवाचं नाव नको घेऊस, टेक्विन," तो म्हणाला. "मी मनात छापा म्हटलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. नाणं वर जायच्या आधी."

टेक्विन उशांवरून पुढे सरकला. "आणि छापाच पडला."

"छापाच पडला."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"बाबा समोर बसले होते."

टेक्विनला आधी हसूच आलं. "चौतीस वर्षांचा घोडा तू! दोन पोरांचा बाप! आणि म्हाताऱ्याच्या काठीला..." पुढचं खोकल्यात गेलं. खोकला बराच वेळ चालला. इद्वालने त्याची पाठ धरून ठेवली. हाताला नुसती हाडं लागत होती. खोकला थांबला तेव्हा हसूही थांबलं होतं.

"मला जायचं होतं रे," टेक्विन म्हणाला. "जिंकायचं वगैरे काही नाही. हॉवेलजवळ जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं होतं." आणि त्याने हळूच आपली पाठ इद्वालच्या हातातून सोडवून घेतली.

दारात नेस्ता वाडगं घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती आत आली. भावाजवळ बसली, चमच्याने रस्सा पाजला, एकेक घोट, मध्ये फुंकर घालून. मग भांडं धुऊन पुसलं, भावाच्या कपाळावर ओठ टेकले आणि कोट चढवला.

घरी जाताना चढाच्या तोंडाशी, दुकानाच्या पायरीवर एलुनेड उभी होती, दुकानदारीण. तिच्या जिभेला सुट्टी कधीच नसायची.

"कसा आहे गं टेक्विन?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता इद्वालकडे वळली. "तुम्ही काही बोललात की नाही त्याच्याशी? की तिथंही म्हणालात, तुम्हीच बोला?"

इद्वालला वाटलं, आता नेस्ता सांगून टाकेल. सांगावं, भर रस्त्यात सांगावं, म्हणजे सुटलो. किंवा तिने निदान गप्प बसावं.

नेस्ता थांबली. "माझा नवरा देवाला भिऊन गप्प राहिला, एलुनेड," ती म्हणाली. आवाज चढला नाही की कापला नाही. "माणसाला भिणाऱ्यातला नाही तो. पुन्हा त्याचं नाव काढशील तर मी पाव दुसरीकडून आणीन."

एलुनेडने मान खाली घातली. नेस्ता पुढे निघाली. दुकान मागे पडल्यावर चढ अंगावर येतो, आणि त्या चढावर गेली अकरा वर्षं ती इद्वालचा दंड धरून चालायची. इद्वालने नेहमीसारखं कोपर पुढे केलं. नेस्ताने रस्स्याचं रिकामं भांडं इद्वालच्या बाजूच्या आपल्या हातात घेतलं आणि चढ चढत राहिली.