थोरल्या दिराचा बर्फ

मेची बारा तारीख उजाडली तरी सेरेडना गावातला बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. बरं, पांढराशुभ्र असता तर एक वेळ चाललं असतं. पण डिसेंबरपासून गावातल्या कुत्र्यांनी जे जे केलं ते सगळं आता थराथरानं वर येत होतं, आणि जोडीला सिगारेटची थोटकं, कॉफीचे कागदी पेले, कुणाचा तरी एक मोजा. डोसिया हावरिल्युकनं गाडीच्या काचेतून ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या माळावर त्र्याहत्तर हिवाळे काढले होते तिनं, पण असला घाणेरडा वसंत पाहिला नव्हता. कॅफेतले म्हातारे रोज पेरणीचं तेच ते दळण दळत होते, चौऱ्याहत्तर साली म्हणे असंच झालं होतं. तिला त्यांचाही वीट आला होता.

आज जुन्या पंचांगाप्रमाणे ईस्टरनंतरचा रविवार, म्हणजे कबरींचा दिवस. फादर एकेका कबरीपाशी येणार, आत निजलेल्याचं नाव घेऊन गाणार, पवित्र पाणी शिंपडणार. घरच्यांनी कबरीवर गोड पाव आणि रंगवलेली अंडी ठेवायची. डोसियाचा नवरा नेस्टर ऑक्टोबरात गेला होता, त्याचं हे पहिलंच वर्ष. पाणी मातीला लागलं पाहिजे, बर्फावर शिंपडलं तर ते बर्फालाच मिळतं, असं तिची आई सांगायची, आणि आईचं म्हणणं डोसियानं कधी तपासून पाहिलं नव्हतं. फादरकडे सात गावं. अकराला ते इथे येणार, तासाभरात पुढच्या गावाला जाणार, की मग एकदम पुढच्या वर्षी.

म्हणून ती आठलाच दफनभूमीत पोचली. तिथली देखभाल करणारा लोर्न ट्रॅक्टरनं मधली वाट मोकळी करत होता. उत्तरेकडच्या झाडांलगत वाऱ्यानं छातीएवढा बर्फ रचून ठेवला होता, आणि नेस्टर नेमका तिथेच. लोर्न म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांब, मी ट्रॅक्टर तिकडे आणतो.

"संध्याकाळी फादर काय तुझ्या ट्रॅक्टरवर बसून येणार आहेत?" डोसियानं विचारलं.

नेस्टरला अजून दगड बसवलेला नव्हता. गोठलेली जमीन मोकळी होऊन खाली बसेपर्यंत बसवतही नाहीत. होती फक्त वीतभर पत्र्याची पाटी, ती कुठल्या कुठे गडप झालेली. पण डोसियाला खूण पक्की ठाऊक होती, लोखंडी क्रुसापासून तिसरा. बर्फातून एका क्रुसाचं टोक वर आलेलं दिसत होतं. तिथून तिनं तीन कबरींचं अंतर मोजलं आणि फावडं मारलं.

वरचा थर कडक, त्याखाली जाड्या साखरेसारखा भुगा, आणि तळाला ओला लगदा. ती उपसत होती आणि पुढच्या बाजूला, उताराकडे फेकत होती. पाठ धरली, हातमोजे ओले झाले, नाकाला धार लागली. पावणेतीन तासांनी फावडं खणकन वाजलं. पण हा काही पत्र्याचा आवाज नव्हता. तिनं हातमोज्यानं पुसलं. लाल, गुळगुळीत दगड, आणि त्यावर अक्षरं, पानास हावरिल्युक.

डोसियानं फावडं बाजूला फेकलं.

पानास तिचा थोरला दीर. लग्न केलं नाही, मागे कुणी नाही, मरून सहा वर्षं झालेली. जिवंत होता तोवर शेजारीच राहायचा, आणि एक्केचाळीस हिवाळे त्यानं आपल्या दारातला बर्फ मशीननं कुंपणावरून यांच्या अंगणात उडवला. पलीकडे मोकळी गल्ली होती, तरीसुद्धा. सकाळी दार उघडावं तर समोर ढीग. नेस्टर चूपचाप फावडं घेऊन बाहेर पडायचा. ती भांडायला निघाली की म्हणायचा, "जाऊ दे, भाऊ आहे." त्या 'भाऊ आहे'ची तिला बर्फाहून जास्त शिसारी यायची. नेस्टर गेला तेव्हा तिनं बजावून सांगितलं होतं, दोघांची निदान रांग तरी बदला. तशी बदललीही. आज ज्या क्रुसापासून तिनं मोजलं तो दुसराच, मागच्या रांगेतला निघाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पानासची मेल्यावरही गेली नव्हती, अजून तो तिच्याकडून आपला बर्फ काढून घेत होता.

मग तिला उमगलं की नेस्टर पुढच्या रांगेत आहे, अगदी समोर. तिनं वळून पाहिलं. सकाळपासून फेकलेला सगळा बर्फ तिथेच पडला होता, तिच्या डोक्याहून उंच. नवऱ्यावर ढीग तिनंच घातला होता. तिला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात गाड्यांची दारं वाजली. लोक आले, फादर आले, फाटकापासून गाणं सुरू झालं. तिच्यापर्यंत पोचायला फार तर पाऊण तास. पण हा बर्फ टाकायचा कुठे? डावीकडे तिमचुक नवराबायकोच्या कबरी, उजवीकडे कुणाच्या तरी तान्ह्या मुलाची, पुढे पाव मांडलेल्या स्वच्छ कबरी. कुंपण ऐंशी पावलांवर. जवळ रिकामी जागा एकच होती, तिनं स्वतः लख्ख केलेली.

लोर्न फावडं घेऊन धावत आला. "कुठे टाकू?"

"पानासवर."

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टाकायला लागला. तीही लागली. पहिली दहा फावडी तिला गोड लागली, खोटं कशाला बोला. घे, हे एकोणऐंशी सालचं, हे माझी लेक जन्मली त्या दिवशीचं. लोक बघत होते, बघू देत. लाल दगड दिसेनासा झाला, आणि इकडे नेस्टरची पाटी लागली, हातभर काळी ओली माती लागली. तिनं पाव ठेवला, अंडी ठेवली.

फादर आले. नेस्टरचं नाव घेऊन गायले. पाणी मातीवर पडलं. झालं. यासाठीच तिनं जिवाचं रान केलं होतं, आता बरं वाटायला हवं होतं. पण तोंडात कडू चव होती आणि ती जाईना.

"मागे आणखी कुणी आहे का?" फादरनी ढिगाकडे बघत विचारलं. तरुण माणूस, दोन वर्षांपूर्वी आलेला, त्यांना काय ठाऊक असणार.

नाही म्हटलं की संपलं. पानासचं नाव सांगणारं तिच्याशिवाय इथे घरचं कुणी नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "पानास. याचा थोरला भाऊ."

"बर्फाखाली गेलाय वाटतं."

"गेला नाही. मी घातलाय त्याच्यावर."

फादरनी पवित्र पाण्याचा कुंचला उचलला, ढिगावरच शिंपडायला.

"तसं नको. थांबा जरा."

ते म्हणाले, पुढच्या गावात लोक खोळंबले आहेत.

"लोकांना घटकाभर थंडी वाजेल," डोसिया म्हणाली. "मेलेले कुठे पळून चाललेत?" तिनं फावडं खुपसलं, भरलं, आणि पानासला तोंडभर शिव्या देत ते ऐंशी पावलांवरच्या कुंपणाकडे घेऊन निघाली.