नुकसानीची वाटणी

आमच्या बाबांचं काम म्हणजे गोदीत जाऊन भिजलेला, फुटलेला, उंदरांनी कुरतडलेला माल बघायचा आणि नुकसान किती ते ठरवायचं. बाकीच्या जगात ‘ॲव्हरेज’ म्हणजे मोटारसायकल लिटरला किती जाते ते. आमच्या घरात मात्र तो बाबांच्या धंद्यातला, मालाच्या नुकसानीचा, म्हणून दुखवट्याचा शब्द. मी शाळेतून ‘ॲव्हरेज’ असा शेरा आणला की बाबा चष्मा काढून सांगत, “मूळ अरबी शब्द अवार. म्हणजे मालातली खोट.” मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत.

खोटीची सरासरी कशी झाली? तर वादळात जहाज वाचवायला कुणाचा तरी माल समुद्रात फेकावा लागे. ज्याचा फेकला त्याने एकट्याने का बुडायचं? म्हणून ते नुकसान सगळे व्यापारी वाटून घेत. शब्द बंदरं फिरत फिरत इंग्रजीत पोचला तोवर खोटीची वाटणी झाली होती, आणि वाटणीची पुढे सरासरी. बाबांनी तो तिथून थेट स्वयंपाकघरात आणला. एकाचा चहा सांडला की सगळ्यांना थोडा थोडा कमी. माझा उजवा हात मोडला तेव्हा अख्खं घर डाव्या हाताने जेवत होतं. प्लास्टर माझं एकट्याचं, पण डाग सगळ्यांच्या कपड्यांवर.

मग ताईचं बाळ गेलं. सातव्या महिन्यात. मुलगी होती.

भावोजी कामासाठी बाहेरगावी होते. ते पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आम्हाला दवाखान्यातल्या नर्स म्हणाल्या, “बघू नका, त्रास होईल.” आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. ताई माहेरी आली आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. बोलणं नाही, खाणं नाही. आई ताट नेई आणि तसंच परत आणी. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल.

बाबांनी आम्हाला ओट्यापाशी बोलावलं. “वाटून घ्यायचं,” ते म्हणाले.

त्यांनी स्वतः चहा सोडला. भावोजींनी गादी सोडून पॅसेजमध्ये फरशीवर अंग टाकलं. आईने झोप सोडली, ती तशीही येत नव्हती. मी म्हणालो, “मी विनोद सोडतो.”

“ते नुकसान नाही रे,” आई म्हणाली, “तो फायदा.”

कुणी हसलं नाही.

दुपारी ताई पाणी प्यायला उठली आणि भावोजींना अडखळून पडता पडता राहिली.

“हे काय?”

“वाटून घेतोय,” भावोजी आडव्या आडव्याच म्हणाले.

ताईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “काय वाटून घेताय? काय गेलं ते ठाऊक आहे का तुम्हाला? मी पाहिलंय तिला. एकटीने. तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?”

बाबा उठले, भिंतीचा आधार घेत तिच्यासमोर खाली बसले.

“चुकलं माझं, पोरी. न बघताच नुकसान ठरवायला निघालो. गोदीत असं केलं असतं तर हाकलून दिलं असतं मला.” त्यांनी चष्मा काढला. “सांग. कशी होती?”

ताई भिंतीला पाठ घासत खाली आली.

“केस होते,” ती म्हणाली. “खूप. ओले.”

“रंग?” बाबांनी विचारलं.

“आईसारखा. आणि कान, कान इतके पातळ की पलीकडचा उजेड दिसायचा.”

आई पदर तोंडात कोंबून बसली. ताई सांगत गेली. नखं. कपाळावरची आठी. उचलल्यावर हाताला जाणवलेलं वजन, साखरेच्या पुड्याएवढं. मला वाटलं होतं, वाटून घेतलं की कमी होईल. चौघांत वाटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला अख्खं आलं, आणि ताईचं होतं तेवढंच राहिलं. असा भागाकार मला कुणी शिकवला नव्हता.

भावोजी आता उठून बसले होते.

“बोटं?” त्यांनी विचारलं. “बोटं कुणासारखी?”

ताईने त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला, करंगळी धरली आणि हळूच आत वाकवली.

“ही अशी,” ती म्हणाली. “अशीच होती.”

तिने हात सोडला. भावोजींनी करंगळी तशीच वाकवून धरली.